घरखर्चातील गळती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

काटकसरीविषयी मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत. गृहव्यवस्थापन शिकवताना मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे की घरातील बाई पहिली कात्री स्वतःच्या ताटाला आणि औषधाला लावते, आणि पैसा मात्र भलत्याच ठिकाणी गळत राहतो. त्यामुळे पुढील उत्तरांमध्ये मी शक्य तेथे हिशेब करून दाखवला आहे.

यजमानांचा पगार २२ हजार रुपये आहे. घरभाडे, मुलांची शिकवणी आणि किराणा जाऊन वीस तारखेपर्यंत पैसे संपतात आणि मग दुकानात उधारी सुरू होते. मी स्वतःसाठी काहीच घेत नाही, दूधही फक्त मुलांपुरते आणते, तरी शिल्लक राहत नाही. सुरुवात कोठून करावी? (एक गृहिणी, परभणी)

ताई, पहिला महिना काहीही कमी करू नका, फक्त लिहा. एक साधी वही घेऊन घरातून गेलेला प्रत्येक रुपया, कोणी खर्च केला आणि कशासाठी केला यासह, त्याच दिवशी रात्री लिहून ठेवा. मोबाइलवरून दिलेले दहा-वीस रुपयेही त्यात आले पाहिजेत, कारण नोट मोडताना हात जसा थबकतो तसा मोबाइलवरून पैसे देताना थबकत नाही. महिनाअखेरीस बहुतेक घरांत असे आढळते की भाडे आणि शिकवणी यांवर आपले डोळे खिळलेले असतात, पण दहा ते पन्नास रुपयांच्या, पुन्हा पुन्हा केलेल्या खरेदीची बेरीज कोणी केलेलीच नसते. रोज ४० रुपयांचे वरचे खाणे घरात येत असेल, तर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,६०० रुपये होतात. ते सगळे बंद करा असे मी म्हणत नाही. त्यातील निम्मे जरी घरी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, लाडू यांवर वळवले, तरी मुलांच्या पोटात चांगले जाईल आणि पैसेही वाचतील.

किराणा घेताना पाकिटाच्या आकारावरून अंदाज करू नका. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, पण तशाच दिसणाऱ्या पिशवीत कधी ८५० तर कधी त्याहूनही कमी ग्रॅम तेल असते, म्हणून निव्वळ वजन वाचूनच दोन पिशव्यांची तुलना करावी. वेष्टनावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर छापणे बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांत असतो, तरी शोधून वाचावा. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते, हाही समज तपासून घ्यावा. शाम्पूची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, धुण्याच्या पावडरीचे मात्र बहुधा उलट असते.

उधारी ही तुमच्या घरातील सर्वांत महाग सवय आहे, जरी दुकानदार व्याज लावत नसला तरी. ज्याच्याकडे उधारी आहे त्याच्याशी भाव करता येत नाही, दुसऱ्या दुकानात जाता येत नाही आणि वहीतील नोंदीवर शंकाही घेता येत नाही. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांत जे काही वाचेल ते बँकेत न टाकता या उधारीतच भरा आणि एखाद्या महिन्याचा किराणा रोखीने आणण्याइतकी जागा करा.

आणि दूध. तुमच्या वहीत स्वतःच्या नावाने अर्धा पेला दूध किंवा मूठभर शेंगदाणे आणि गूळ यांची नोंद रोज असावी, असा माझा आग्रह आहे. अशक्तपणामुळे होणारा दवाखान्याचा एक फेरा अनेक महिन्यांच्या दुधाचे पैसे घेऊन जातो.

आमचे वीजबिल हिवाळ्यात ९५ युनिटांचे आणि उन्हाळ्यात १८० च्या पुढे येते. शेजारी सांगतात की १०० च्या वर एक युनिट गेले की सगळ्या युनिटांना जास्त दर लागतो. तसेच मोबाइलचे चार्जर खटक्यावर राहू न देण्याने कितपत फरक पडतो? (एक निवृत्त शिक्षक, नांदेड)

सर, शेजाऱ्यांचा समज चुकीचा आहे. महावितरणच्या घरगुती दरांत ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यात मोडणाऱ्या युनिटांनाच लागतो. १८० युनिट झाले, तर पहिल्या १०० ना कमीच दर राहतो आणि वरच्या ८० ना पुढचा. मात्र हे वरचे ८० युनिट प्रत्येकी बरेच महाग असतात, त्यामुळे बचत झाली तर तीही याच महाग युनिटांची होते.

चार्जरविषयी सांगायचे तर रिकामा लटकणारा आजचा चार्जर अर्धा वॅटही ओढत नाही आणि महिनाभरात त्याचे पाव-अर्धे युनिटही होत नाही. सुरक्षिततेसाठी बंद करावा, पण त्यासाठी घरात वाद घालू नये. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स मात्र पाहा. टीव्ही बंद असतानाही तो हाताला कोमट लागत असेल, तर तो रात्रंदिवस वीज खात आहे. आठ-दहा वॅटचा असा डबा दिवसाचे वीस तास विनाकारण चालू राहिला, तर महिन्याला पाच-सहा युनिट जातात. ते भिंतीवरचे बटण बंद करून थांबवता येतात.

खरा हिशेब पंख्यांचा आणि कूलरचा आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. तो दिवसाला १५ तास चालला, तर महिन्याला जवळजवळ ३४ युनिट होतात. नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा तेवढेच वारे साधारण ३० वॅटमध्ये देतो, म्हणजे १३ ते १४ युनिट. आपल्याकडे फेब्रुवारीअखेरपासून दिवाळीपर्यंत पंखा फिरतच असतो, त्यामुळे ज्या खोलीत घर सर्वाधिक वावरते तेथील एक पंखा आधी बदलावा आणि पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्यावा. १८० वॅटचा कूलर दहा तास चालला की महिन्याला ५४ युनिट होतात. कूलर खिडकीत, बाहेरची हवा घेईल असा ठेवून समोरची दुसरी खिडकी थोडी उघडी ठेवली तरच तो गारवा देतो. बंद खोलीत तो केवळ दमटपणा वाढवतो आणि माणूस त्याचा वेग वाढवत बसतो.

घर पत्र्याचे किंवा वर मोकळ्या स्लॅबचे असेल, तर चुन्याची पांढरी सफेदी हा उन्हाळ्यावरचा फार स्वस्त उपाय आहे. आपल्या जुन्या माळवदांच्या जाड मातीखाली दुपारही सुसह्य असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या घरांची लोकांनी धास्ती घेतली आणि ती भीती अगदी रास्त होती, पण त्याबरोबर तो गारवाही गेला. मार्चमध्ये छतावर चुन्याचे दोन हात द्यावेत, ते पाऊस पडेपर्यंत टिकतात.

वर्षाचे धान्य एकदम भरणे खरोखर स्वस्त पडते का? गेल्या वर्षी आमची तूर भुंग्यांनी पोखरली. या वर्षी कोणी धान्यात गोळी ठेवायला सांगत आहे. (एक गृहिणी, अंबाजोगाई)

गोळीचे आधी. धान्याची गोळी म्हणून जी विकली जाते ती बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतील ओलाव्याशी संबंध येताच तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू बाहेर पडतो आणि त्यावर उतारा नाही. ती बंदिस्त गोदामात प्रशिक्षित माणसाने वापरायची वस्तू आहे. ज्या घरात माणसे निजतात त्या घरात ती आणूच नका, कोणीही कितीही खात्री दिली तरी. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. बोरिक पावडर लावलेले धान्य न धुता दळणे योग्य नाही आणि गहू-ज्वारी आपण धुऊन दळत नाही, म्हणून तीही टाळावी.

आता स्वस्ताईचा हिशेब. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत, रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो आणि त्या वेळी भाव बहुधा उतरलेले असतात. समजा दोन क्विंटल गव्हामागे किलोला पाच रुपये वाचले, तर एक हजार रुपये मिळाले. पण त्यातील वीस-पंचवीस किलो किडले तर हा फायदा जवळजवळ संपतो, आणि धान्य भरण्यासाठी १० हजार रुपये महिना ३ टक्क्यांनी उसने घेतले, तर वर्षाला ३,६०० रुपये व्याजात जातात. म्हणून स्वतःच्या पैशांनी, कोरड्या जागेत आणि आपण खरोखर खातो तेवढेच धान्य भरावे. किती खातो ते महिन्याच्या दळणावरून काढावे, अंदाजाने सांगू नये.

टिकवण्याचे जुने मार्ग उत्तम आहेत, फक्त त्यांतील एकही पायरी गाळता येत नाही. धान्य दोन-तीन कडक उन्हे देऊन वाळवावे. दाणा दातांखाली न चेपता कट्कन तुटला की ओल पुरेशी गेली. त्यानंतर ते पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण गरम धान्य कोठीत भरले की झाकणाखाली पाणी सुटते. पत्र्याची कोठी काठोकाठ भरून घट्ट बंद करावी, म्हणजे आत हवा थोडी राहते आणि किडीला जगणे कठीण होते. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवूनच घालावा, ओला पाला उलट बुरशी आणतो. तुमच्या तुरीचे जे झाले त्याचे कारण असे की भुंग्याची अंडी शेतातूनच शेंगांबरोबर येतात आणि कीड अख्ख्या दाण्यात वाढते. म्हणून तूर फार दिवस अख्खी न ठेवता डाळ करून घ्यावी आणि किलोला साधारण एक लहान चमचा या प्रमाणात एरंडेल हाताने चोळून ठेवावी. कोठी भिंतीला न टेकवता फळीवर ठेवावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी हात घालून पाहावे. धान्य आतून गरम लागले तर त्याच दिवशी उपसावे.

गॅसची टाकी पूर्वी दीड महिना जाई, आता महिन्यातच संपते. घरात माणसे तेवढीच आहेत. (एक गृहिणी, जालना)

टाकी घेताना वजन करून घ्या. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन यायला हवे आणि ते मोजून मागणे हा आपला हक्क आहे. ज्योत पिवळी येत असेल, भांड्यांची बुडे काळी होत असतील, तर बर्नरची छिद्रे बुजली आहेत. कुकरला पहिली शिटी झाल्यावर आच मंद करावी, कारण आतील तापमान दाबावर ठरते आणि मोठ्या आचेने ते वाढत नाही, केवळ वाफ बाहेर जाते.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे की नळाचे पाणी बंद झाल्यापासून स्वयंपाकाला बोअरचे पाणी वापरता. माझ्या मते बरेचसे उत्तर तेथेच आहे. बोअरच्या जड पाण्यातील चुन्याच्या क्षारांमुळे डाळीची साल आणि गर कठीण राहतो आणि डाळ तासभर शिजूनही गळत नाही. पिण्यासाठी जे गोडे पाणी येते त्यातील दोन तांबे डाळ भिजवायला आणि शिजवायला काढून ठेवा. तुरीची डाळ अर्धा-पाऊण तास, हरभरा रात्रभर भिजवा. सोडा घालून डाळ लवकर शिजते हे खरे, पण त्याने ब जीवनसत्त्वाचा नाश होतो. अंघोळीच्या पाण्यासाठी तुराट्या किंवा पऱ्हाट्या मिळत असतील, तर त्या अंगणातील चुलीवरच जाळाव्यात, घरात धूर कोंडू देऊ नये.

घरी आरओ यंत्र आहे. त्यातून वाया जाणाऱ्या पाण्याचे काय करावे? की जारचे पाणी घेणे परवडेल? (एक नोकरदार, लातूर)

लातूरच्या माणसाने पाण्याचा प्रश्न विचारावा हे स्वाभाविक आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाच लाख लिटर पाण्याची पहिली खेप शहरात आली होती, आणि त्या उन्हाळ्यात भांडी घासलेले पाणीही लोकांनी जपून वापरले होते.

आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. ते बादलीत धरून फरशी पुसणे, शौचालय आणि खरकटी भांडी भिजवणे यांसाठी वापरावे. त्यात क्षार साठलेले असल्यामुळे ते रोज झाडांना घालू नये आणि कूलरमध्ये तर मुळीच टाकू नये, जाळ्या पांढऱ्या पडून बुजतात. २० रुपयांचा एक जार रोज लागला तर महिन्याला ६०० रुपये होतात. पण यंत्र किंवा जार हवाच का, हे पाणी तपासल्याशिवाय ठरवू नये. नगरपालिकेचे पाणी मुळात गोडे असेल, तर गाळून उकळणे पुरेसे होते. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल, तर ते उकळून जात नाही, म्हणून अशा पाण्याची जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे हाच पहिला खर्च असावा.

आणि गळका नळ. सेकंदाला एक थेंब पडला, तर दिवसाला वीसहून अधिक लिटर पाणी जाते, म्हणजे तुमच्या एका जारइतके. पाच-दहा रुपयांचा वायसर बदलायला आपण महिना लावतो. छत असेल तर पाऊसही मोजा. ५०० चौरस फुटांच्या छतावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर ९०० लिटरांच्या आसपास पाणी येते. पहिल्या सरींचे सोडून पुढचे पिंपात धरले, तर आठवडाभराचे धुणे त्यात निघते.

सासूबाई रात्रीचा भात आणि भाजी टाकू देत नाहीत, सकाळी सर्वांना तेच खावे लागते. त्यावरून कुरबुरी होतात. (एक सून, हिंगोली)

१९७२ चा दुष्काळ, मिलो ज्वारीच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी ज्यांनी पाहिली, त्यांना अन्न टाकणे जमत नाही, हे आपण मान राखून समजून घ्यावे. भाकरी उरली तर हरकत नाही, ताकातले किंवा फोडणीचे कुटके आवडीने खाल्ले जातात. भाताचे मात्र वेगळे आहे. शिजवूनही काही जिवाणूंचे बीजाणू त्यात जिवंत राहतात आणि उन्हाळ्याच्या रात्री उघड्यावर ठेवलेल्या भातात ते विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा, फ्रीज नसेल तर भात मोजूनच लावावा. तांदूळ मोजण्याचे मापटे सासूबाईंच्याच हाती द्या. भात उरलाच नाही, तर कुरबुरीचे कारणच राहणार नाही.

सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास येतात आणि संक्रांतीपर्यंत संपतात. पुढे मृगापर्यंत कसे काढावे? दर महिन्याला बचत करा हा सल्ला आमच्या उपयोगाचा नाही. (एक शेतकरी, कळंब)

दादा, तुमची तक्रार बरोबर आहे. काटकसरीचे बहुतेक सल्ले पगारदारांना डोळ्यांसमोर ठेवून दिले जातात. तुमच्या घरी पैसा ज्या दिवशी येतो त्याच दिवशी काटकसर करावी लागते, नंतर नाही. माल विकला की घरी येण्यापूर्वीच जूनमधील बियाणे-खताची आणि शाळेच्या प्रवेशाची रक्कम बाजूला काढून सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाका, म्हणजे ती लग्नसराईत हाताशी राहणार नाही. उरलेल्या रकमेला येत्या महिन्यांनी भागा आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढीच बँकेतून काढा. भागाकार केल्यावर आकडा लहान दिसेल आणि वाईट वाटेल, पण तोच खरा आकडा आहे. दुचाकी, मोबाइल किंवा लग्नाचा मोठा खर्च त्या आकड्यासमोर ठेवूनच ठरवावा. सावकाराकडे जावे लागलेच, तर त्याआधी घरातील बाईच्या बचत गटाकडे विचारावे. गटातील व्याज महिन्याला साधारण २ टक्के असले, तरी ते गटाच्याच शिलकीत जमा होते.

पै-पै करून साठवलेले दोन लाख रुपये जास्त व्याजाच्या आशेने एका पतसंस्थेत ठेवले होते. ती बंद पडली. आता थोडेफार वाचते ते कोठे ठेवावे? भिशी सुरक्षित आहे का? (एक शिवणकाम करणारी महिला, बीड)

ताई, हे पत्र वाचून मला फार वाईट वाटले. माझ्या माहेरीही असेच घडले आहे आणि आईने वीस वर्षे दूध विकून साठवलेले पैसे त्यात अडकले. चूक तुमच्या काटकसरीत नव्हती. बँक आणि पतसंस्था यांतील फरक आपल्याला कोणी समजावून सांगितला नाही.

बँकेतील ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, ठेव विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण आहे. पतसंस्थांना आणि बहुराज्य पतसंस्थांना ते नाही, मग इमारत कितीही चकचकीत असो. म्हणून पैसे ठेवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : येथील ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण आहे का? उत्तर लेखी मिळत नसेल तर उठून यावे.

अडकलेल्या पैशांसाठी ठेवीची मूळ पावती कोणाच्याही स्वाधीन करू नका, केवळ प्रत द्या आणि पोच घ्या. संस्थेवर अवसायक, म्हणजे बंद पडलेल्या संस्थेची देणीघेणी निकाली काढणारा अधिकारी, नेमला असेल, तर त्याच्याकडे मुदतीत दावा दाखल करा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखालील तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत करता येते. एकेकट्याने फेऱ्या मारण्यापेक्षा गल्लीतील ठेवीदारांनी मिळून जावे. पैसे परत मिळवून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्या मध्यस्थांना दारात उभे करू नका.

भिशीत आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात, व्याज नसते आणि एखादीने हप्ता थांबवला तर दाद मागणे अवघड जाते. ओळखीच्या दहा-बारा जणींची, बुडाली तरी घर हलणार नाही इतक्या रकमेची भिशी ठीक आहे. बाकीसाठी पोस्टातील आवर्ती ठेव घ्या. ती महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येते, मुदत पाच वर्षांची असते आणि तिच्यामागे केंद्र सरकारची हमी असते. शिवणाचे पैसे रोज सुटे येतात, म्हणून एक बंद डबा करा, रोज वीस रुपये त्यात टाका आणि महिनाअखेरीस ते ६०० रुपये पोस्टात भरून पासबुकावर शिक्का घेऊन या. खाते तुमच्या स्वतःच्या नावावर असू द्या आणि वारसाचे नाव त्याच दिवशी लावून घ्या.